दहा दंडांची कुपी

सोनूबाई मला आधी ऐकू आल्या, दिसल्या नंतर. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका लसीकरण केंद्राच्या दारात मी चपला काढत होते आणि आतून खणखणीत आवाज आला, "सुई टोचा आन् मला सोडा की वो! तिकडं शेतात माझ्या बायका खोळंबल्यात." एवढ्या मोठ्यानं बोलणारं माणूस आजारी असणं शक्य नाही, असं मी आमच्या ह्यांना म्हटलं. आमचे हे म्हणजे यज्ञेश्वर. बँकेतून निवृत्त झाले आणि त्या दिवसापासून केनियातले सिंह बघायचे म्हणून हटून बसले.

आजारी तिथं कुणीच नव्हतं. आफ्रिकेत डासांमुळे पिवळा ताप येतो. त्याची लस टोचल्याचा दाखला असल्याशिवाय तिकडच्या काही देशांत पाऊल ठेवू देत नाहीत, आणि तिकडून परत येताना आपल्याकडेही तो मागतात. पुण्या-मुंबईच्या केंद्रांतल्या तारखा भरलेल्या होत्या, म्हणून आम्ही गावातल्या ह्या छोट्या केंद्रात आलो होतो.

केंद्राच्या डॉक्टर इरावती वयानं तरुण, पण बोलणं शांत. त्या सोनूबाईंना समजावत होत्या, ते आम्हीही ऐकलं. कुपी एकच शिल्लक होती. तिच्यात दहा जणांची लस. तिच्यातली पूड एकदा पाण्यात कालवली की काही तासांत संपवावी लागते, उरलेली फेकावी लागते. पुढची कुपी कधी येईल ते त्यांच्या हातात नव्हतं. म्हणून दहा माणसं जमल्याशिवाय त्या कुपी फोडणार नव्हत्या. आणि आज होतो आम्ही तीन.

माझा पारा चढला. मी तक्रारखोर बाई आहे. शाळेत शिकवत होते तेव्हा मुख्याध्यापकसुद्धा मला बघून वाट बदलत. "म्हणजे आम्ही काय दारोदार फिरून माणसं गोळा करायची?" असं मी विचारणार, तेवढ्यात त्या खणखणीत आवाजानंच विचारलं, "किती माणसं म्हणालासा?"

"दहा."

"दहाच व्हय? मग आणतो की!" सोनूबाई उठल्या, पदर खोचला आणि जिना उतरायला लागल्या. मंडईतून कोथिंबिरीची पेंढी आणायला निघाल्यासारख्या.

मी मागोमाग गेले. बाई उंच, काळीसावळी, मनगटं पुरुषासारखी. कुठं निघालात म्हणून विचारलं तर "युगांडाला," म्हणाल्या. वडगावच्या बाजाराला निघाले म्हणावं, त्या सुरात.

मग पायरीवर उभ्याउभ्याच त्यांनी मला सगळं सांगितलं. त्यांचा मुलगा प्रसेनजीत तिकडच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट. सून अक्षता पोटुशी. हे दुसरं बाळंतपण. पहिल्या खेपेला सातव्या महिन्यात अचानक दुखायला लागलं. प्रसेनजीत कारखान्यात पाळीवर होता, तो येईपर्यंत सगळं संपलं होतं. अक्षताला आई नाही. त्या पोरीनं दवाखान्यातून सासूला फोन लावला आणि नुसती "आत्ती, आत्ती" म्हणत रडत राहिली.

"मी कोडोलीत उसात भांगलत व्हतो, बाई. हातातलं खुरपं खाली ठेवलं आन् करायचं काय तेच कळंना. गावातल्या गावात आसतं तर पळत गेलो आसतो. ती तिकडं, मी चिखलात. तवाच ठरीवलं, पुढच्या खेपंला ह्या पोरीपाशी मी आसनार म्हंजे आसनारच."

त्यासाठी बाईंनी पासपोर्ट काढला होता. डॉक्टरनं सांगितलं म्हणून जन्माची मिश्री सोडली होती. टायफॉइडची सुई घेऊन झाली होती. हिवतापाच्या गोळ्या आणि मच्छरदाणी पिशवीत होती, शेजारी डिंक, खारीक आणि बाळंतशेपा. तिकीट वीस तारखेचं. राहिली होती ती ही एक सुई, आणि ती प्रवासाआधी दहा दिवस तरी घ्यावी लागते, नाहीतर दाखला चालत नाही. म्हणजे आठवडाभरात कुपी फुटली तर युगांडा, नाहीतर कोडोली.

"तुमचा नंबर द्या," त्या म्हणाल्या. "माणसं झाली की हाक मारतो."

आता ह्या बाईंचा धंदा काय, ते सांगायला हवं. सोनूबाई भांगलणीच्या टोळीच्या मुकादम. उसातलं, सोयाबीनमधलं तण काढायला शेतकऱ्याला बायका लागतात, त्या ह्या पुरवतात, आणि स्वतःही त्यांच्याबरोबर ओळीत बसतात. नवरा लवकर गेला. पोरगा लहान होता. तेव्हा दुसऱ्याच्या टोळीत जायच्या. तिथला मुकादम बायकांना उन्हातान्हात चालवत न्यायचा आणि पाणीसुद्धा विचारून प्यायला लावायचा. एक दिवस सोनूबाईंनी खुरपं त्याच्या पायाशी टाकलं आणि स्वतःची टोळी उभी केली. तिचे नियम त्यांचे. टेम्पो दारात आल्याशिवाय बाई शेतात जाणार नाही. पोटुशी बाई बांधावर बसून चहा करील, पण तिचा वाटा पुरा. आणि मुकादम टेम्पोत सगळ्यांत शेवटी चढणार, माणूस मागं राहता कामा नये म्हणून. ह्याच टोळीवर त्यांनी प्रसेनजीतला साखरेचं शिक्षण दिलं. पोराची पहिली नोकरी लागली त्या दिवशी त्यांनी शेतातच पेढे वाटले आणि मग उरलेली पात, म्हणजे भांगलायची ओळ, पुरी केली.

असं माणूस दहा माणसं आणतो म्हणालं तर आणणारच. तिसऱ्या दिवशी फोन आला, "बाई, या. झाली माणसं."

आम्ही धावत गेलो. केंद्रासमोर टेम्पो उभा, आणि त्यातून एकेक बाई उतरत होती. नऊ बायका. डोक्याला टॉवेल गुंडाळलेले, काहींच्या कमरेला खुरपी तशीच खोचलेली. सगळ्या ओळीनं जिना चढल्या आणि आत जाऊन त्यांनी दंड उघडे करून पुढं केले.

डॉक्टर इरावतींनी पहिलीला विचारलं, "तुम्ही कुठं निघालात?"

ती बाळाबाई. टोळीतली सगळ्यांत बोलकी. "मी? मी कुटं जातोय? मी वाठारच्या पलीकडं कवा गेलो न्हाय."

"मग लस कशाला?"

"आक्काला दहा माणसं पायजेत न्हवं? आमी आलोय पैऱ्याला."

पैरा म्हणजे आज तू माझ्या रानात राबायचं, उद्या मी तुझ्या. कोल्हापूरकडच्या शेतकऱ्याला तो शिकवावा लागत नाही. सोनूबाईंनी कुणाच्या बाळंतपणात रात्र काढली होती, कुणाच्या नवऱ्याला दारूच्या गुत्त्यातून कॉलर धरून आणलं होतं. आता पैरा फेडायची वेळ आली, तर ह्या बायका कधी न पाहिलेल्या देशातल्या तापाची सुई घ्यायला मजुरी बुडवून आल्या होत्या. नावसुद्धा विचारलं नव्हतं कसली सुई म्हणून.

डॉक्टर आधी हसल्या, मग त्यांचे डोळे भरून आले. पण त्या नाही म्हणाल्या, आणि नाहीच म्हणायला हवं होतं. ही जिवंत लस आहे, तुटवड्याची आहे, ज्याला त्या देशात जायचं त्यालाच ती देता येते. पासपोर्ट बघितल्याशिवाय सुई नाही.

"तुमी दहा माणसं म्हणालासा," सोनूबाई म्हणाल्या. "कसली ते कुटं सांगितलासा?"

"सांगायला हवं होतं," डॉक्टर म्हणाल्या.

सोनूबाई खाली आल्या आणि टेम्पोच्या फळीवर बसल्या. प्रथमच त्यांचा आवाज खाली आला. "माझंच चुकलं, बाई. मला वाटलं डोकी मोजत्यात. माझं सगळं आयुष्य डोकी मोजण्यात गेलं." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मला भ्या वाटतंय. ह्या खेपंला बी ती पोरगी एकलीच पडली तर मी काय तोंड दावू?"

मी कुणाच्या गळ्यात पडणारी बाई नव्हे. पण मी त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मलाही भीती वाटत होती, आणि सिंहांची तर त्या क्षणी आठवणसुद्धा नव्हती.

बाळाबाई मात्र कमरेवर हात देऊन उभी होती. "रडायचं काय त्यात? आक्का, आपन ज्यांच्या उसात भांगलतो, त्यांची निम्मी पोरं कुटं हाईत? त्या केळीच्या मळ्यातल्या अण्णासोंचं पोरगं कुटं निघालंय? आफ्रिकेलाच की! परवा बांधावर सिगारेट वडत बसलं व्हतं. त्याला टोचल्यात का इचारा की."

बाळाबाईनं मुद्द्यावर बोट ठेवलं होतं. कोल्हापूर जिल्ह्यात साखर कारखाने पुष्कळ, तशी साखरेची माणसंही पुष्कळ; आणि आफ्रिकेतल्या कारखान्यांना रस उकळणारी, चरक दुरुस्त करणारी माणसं इथूनच जातात. इचलकरंजीचे यंत्रमागवाले तिकडच्या कापड गिरण्यांत जातात. ही माणसं आमच्यासारख्यांना दिसत नाहीत. पण त्यांच्या उसात, त्यांच्या आयांच्या परड्यात ह्या बायका वर्षभर बसलेल्या असतात. कुणाचा पोरगा कुठं आहे, कधी जाणार, घरी भांडून जाणार की नीट जाणार, सगळं त्यांना पाठ.

टोळी त्याच टेम्पोनं परत गेली आणि कामाला लागली. भांगलता भांगलता बायका बांधावरून हाका मारून चौकशी करत होत्या. सोनूबाई संध्याकाळी फोन घेऊन बसायच्या. अनोळखी माणूस जेवत असो की झोपलेला, पलीकडून फोन उचलला की ह्यांचं सुरू व्हायचं, "पावणं, आफ्रिकेला निघालाय म्हणं? टोचलंय का? दाखला हाय का? न्हाय? मग हितं या की. पुण्यात तुमाला तारीख कोन देतंय?" मीही माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना कामाला लावलं. इचलकरंजीचा उन्मेष, शाळेत असताना माझ्या तासाला कायम बाकाखाली काहीतरी सुटं करत बसलेला, तो आता मागांचा मोठा फिटर झालाय आणि इथिओपियाला निघालाय, हे मला तेव्हा कळलं. गारगोटीचा एक साखर शिजवणारा केनियाला निघालेला सापडला. अण्णासोंचं पोरगं सापडलंच, त्यानं आपले दोन मित्र आणले, बायकांनी आणखी दोघं शोधले.

दहा झाली. मी म्हटलं, आता पुरे. सोनूबाई माझ्याकडे दया आल्यासारख्या बघायला लागल्या.

"बाई, दहा पायजेत तर दहा सांगून कसं चालंल? एकीचं पोर आजारी पडतंय, एकीकडं पावणा येतोय, एकीला सकाळी उठल्यावर कामावर जाऊ वाटत न्हाय. मी दहा बायकांच्या कामाला तेरा उठवतो. तेरा करा."

तेरा केली.

ठरल्या दिवशी केंद्राचा जिना माणसांनी भरला. मुदतीतला शेवटचा दिवस तो. गारगोटीवाला पहाटेच्या गाडीनं आलेला, उन्मेष नवा शर्ट घालून आलेला. खाली बाळाबाई आणि दोघीतिघी उगाचच येऊन उभ्या होत्या, काय होतंय ते बघायला. डॉक्टरनी एकेकाला बसवून तपासायला सुरुवात केली. रक्तदाब, ताप, अंडं खाल्ल्यावर अंगावर काही उठतं का, कुठली औषधं चालू आहेत.

पहिला बाद झाला अण्णासोंच्या पोराचा एक मित्र. अंगात ताप होता. दुसरे बाद झाले आमचे हे. साठी उलटलेली आणि त्यात सांधेदुखीच्या ज्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी शरीराची रोगाशी लढायची ताकद कमी होते. अशा माणसाला ही लस धोक्याची. "आपल्या डॉक्टरांना आधी विचारलं असतं तर?" असं मी विचारल्यावर आमचे हे छताकडे बघायला लागले. मी महिनाभर तेच सांगत होते. पण सिंह बघायला निघालेला माणूस गोळीला कशाला मोजतोय!

राहिले अकरा. सोनूबाईंचा हिशेब खरा ठरला, उलट एक माणूस जास्तच झालं. डॉक्टरनी कुपी बाहेर काढली, कालवली आणि सांगितलं, "दहा जणांना मिळेल. जो शेवटी असेल त्याला पुढची कुपी येईपर्यंत थांबावं लागेल."

सगळ्यांनी वळून मागं बघितलं. ओळीच्या टोकाला सोनूबाई उभ्या होत्या. बोटानं डोकी मोजत.

मुकादम सगळ्यांत शेवटी चढते. इतक्या वर्षांची सवय. सगळी माणसं ओळीत लावून त्या आपोआप मागं जाऊन उभ्या राहिल्या होत्या. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याच अकराव्या. त्यांच्याही ते तेव्हाच लक्षात आलं. त्यांचा तेव्हाचा चेहरा मला आजही आठववत नाही.

ओळीत पहिला उन्मेष होता, बाही वर करून बसलेला. त्यानं बाही खाली ओढली आणि उठला. "मुकादम, म्होरं या!"

"आवं नगं, तुमाला कामावर हजर व्हायचंय," सोनूबाई म्हणाल्या. पण त्यांची नजर कुपीवर होती.

"काम ऱ्हाऊ दे तिकडं. आमाला गोळा कुणी केलं? तुमी की! या म्होरं!" गारगोटीवाला ओरडला. मग सगळेच ओरडायला लागले. मी थांबतो, तू थांब, तू कशाला थांबतोस, तुझं तिकीट आधीचं. पंचगंगेला पूर आल्यावर होडीत आधी कोण चढणार, यावरूनसुद्धा आमच्याकडे असंच भांडण होतं. आधी तुम्ही, म्हणून. डॉक्टर सुई हातात घेऊन उभ्या आणि कुपी कालवलेली.

मी सातव्या नंबरावर होते. माझ्या लक्षात आलं की ह्या अकरांत एकच माणूस असं आहे ज्याला कुठंही जायचं नाही. ह्यांना लस नाही म्हणजे केनिया नाही, आणि ह्यांना घरी ठेवून मी एकटी सिंहाकडे काय बघत बसणार?

"गप्प बसा सगळे!" मी शाळेतला आवाज काढला. शाळेतून निवृत्त झाल्यापासून तो पहिल्यांदाच काढला आणि अजून चालतो हे बघून बरं वाटलं. "मी बाहेर. सोनूबाई, पुढं व्हा. आणि वाद घालू नका, मी तुमच्यापेक्षा वाईट आहे."

सोनूबाई पुढं आल्या. जाताना माझ्याजवळ थांबल्या, माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली. "हा पैरा झाला, बाई. फेडनार बगा मी." मग खुर्चीत बसल्या, दंड पुढं केला आणि सुई आत गेली तेव्हा डोळे मिटून घेतले. डॉक्टरनी दुखलं का विचारलं, तर म्हणाल्या, "आनंद झाला."

खाली बातमी पोचली तेव्हा बाळाबाईनं जी आरोळी ठोकली, ती ऐकून समोरच्या दुकानातली गिऱ्हाईकं बाहेर आली. नंतरचा अर्धा तास सगळ्यांना तिथंच बसवून ठेवतात, काही त्रास होतो का ते बघायला. त्या अर्ध्या तासात सोनूबाईंनी बाकीच्या नऊही जणांची घरं, बायका, पोरंबाळं विचारून घेतली, उन्मेषला लग्नासाठी एक मुलगी सुचवली, आणि पिवळा दाखला हातात आल्यावर तो कपाळाला लावून पोलक्यात ठेवला. मी ह्यांना घेऊन पुढच्या आठवड्यात दाजीपूरला गेले. गवे बघितले. गवासुद्धा काही लहान जनावर नाही.

वीस तारखेला सगळी टोळी काम बंद ठेवून सोनूबाईंना हायवेपर्यंत सोडायला गेली. त्या गाडीत चढायला लागल्या आणि बाळाबाई मागून ओरडली, "आक्का, आज पैलं चढा!"

पुढचं मला अक्षतानं फोनवर सांगितलं, बाळ मांडीवर घेऊन. आत्ती पोचल्या आणि तिसऱ्याच दिवशी तिला दुखायला लागलं, तारखेच्या आधीच. कारखान्यात यंत्र अडलेलं, प्रसेनजीत तिकडे अडकलेला. कारखान्याच्या गाडीतून दोघी सासवा-सुना दवाखान्यात गेल्या. अक्षताला आत घेताना तिथल्या परिचारिकेनं दारात उभ्या असलेल्या सगळ्या नातेवाइकांकडे बघून इंग्रजीत विचारलं, हिच्याबरोबर कोण आहे? सोनूबाईंना त्यातला एक शब्द कळला नाही. पण काय विचारलंय ते कळलं. त्यांनी हात वर केला आणि सगळा वॉर्ड वळून बघेल अशा आवाजात म्हणाल्या, "मी हाय! मी हाय की!"

मुलगी झाली. वजन चांगलं, आवाज आजीचा.

अक्षता हे सगळं हसत हसत सांगत होती. मग थांबली आणि म्हणाली, "बाई, मागच्या खेपेलाही त्या नर्सनं हेच विचारलं होतं. तेव्हा कुणीच हात वर केला नव्हता."